अव्वा, पाणी!

त्या घरात दोन आजार होते. पोराचं कॉम्प्युटर जड गेम लावला की धाडकन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं, आणि त्याच्या आईचा उजवा हात बधिर पडत चालला होता. कॉम्प्युटरसाठी मला बोलावलं होतं. हातासाठी डॉक्टर होता, त्यानं साखरेच्या मुंग्या म्हणून गोळ्या दिल्या होत्या. हे दोन्ही आजार एकच आहेत आणि त्यातून ती बाई कुठल्याही दुपारी मरू शकते, हे कळायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत ती गेली असती तर दोष माझाही असता. म्हणून हे सांगताना मी कोणालाच झाकणार नाही, स्वतःलाही नाही.

मी तनुजा. नांदेडात तरोड्याला एका खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करते. कुठला कोर्स केलेला नाही. भंगारातली मशीनं उघडून उघडून शिकले. शॉक खाल्ले, बोटं भाजली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या.

मल्लिनाथ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मशीन घेऊन आला. तेवीस वर्षांचा, इंजिनिअरिंग करून घरी बसलेला. मशीन जबरदस्त होतं, लातूरच्या दुकानातून एकेक पार्ट निवडून जुळवलेलं.

"ताई, गेम सुरू केला की वीस मिनिटांत रिस्टार्ट. पिक्चर बघितला तर काही होत न्हाई. इंटरनेट चालतं. फक्त गेम."

गेममध्येच बंद पडतं म्हणजे मशीनवर जोर पडला की पडतं. मी उघडलं. आत कूलरच्या गवताचा भुसा आणि धूळ. पंखे साफ केले, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, त्याचाच गेम लावून सहा तास ठेवला. हललं नाही. मल्लिनाथ घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

मग पॉवर सप्लाय बदलला. जोर पडल्यावर रिस्टार्ट म्हटलं की दहातली सात मशीनं तिथंच आजारी असतात. माझ्या टेबलावर पुन्हा सहा तास चाललं. घरी गेलं आणि पडलं.

तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा हातात मशीन होतं आणि तोंडात शिव्या अडवून धरलेल्या होत्या.

"ताई, तुमच्यानं होत नसंल तर सरळ सांगा. येत्या रविवारी चार वाजता आमची गेमची क्वालिफायर मॅच हाय. पुण्याची दोन पोरं, हैद्राबादचे दोन, अन मी. मी मधीच उडालो तर टीम मला काढून टाकती."

"मशीन माझ्याकडं पडत नाही. मल्लिनाथ, रोग मशीनमध्ये नाही. घरात आहे."

"घरात काय रोग राहतंय?"

"रविवारी दुपारी येते. मशीन घरीच जोडून ठेव."

रविवार मीच सांगितला. आधी दोन दिवस मोकळी होते, पण एका कॉलेजच्या लॅबचं काम घेतलं. हे कबूल करून टाकते.

घर चांगलं होतं. खाली मार्बल, वर टाकी, मागं परस. मल्लिनाथचे वडील गुरुबसप्पा ओसरीत कूलरपुढं बसलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची पेटी, समोर पानाचा डबा. मोंढ्यात त्यांचं बी-बियाणांचं दुकान. मूळ गाव मुखेडकडं, शेती तिथं अजून होती.

"या मॅडम," ते म्हणाले. मॅडम असं म्हणाले की त्यात मान कमी आणि मजाक जास्त. "लातूरहून आणलं तवा लई चांगलं होतं. नांदेडचं पाणी बाधलं का काय त्याला?"

"पाणी नाही. लाईट बाधली असंल."

"आमच्या घरची लाईट एकदम टकाटक हाय. गल्लीत सगळे बोंबलून राहिलेत व्होल्टेज न्हाई म्हणून. आमच्याकडं बघा, पंखा कसा फिरतो."

पंखा खरंच फिरत होता. गल्लीत येताना मला शेजारच्या घरातला पंखा दिसला होता, त्याची पाती मोजता येत होती. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. त्याच पोलवरून आलेली लाईट, आणि एकाच घरात ती बरी कशी?

महादेवी, म्हणजे मल्लिनाथची आई, ताक घ्यायला फ्रिजपाशी गेली. पदराचं टोक हाताभोवती दोनदा गुंडाळलं आणि मग दार ओढलं. मी बघितलं. तिनं मी बघितलेलं बघितलं.

"चावतंय गं बाई," ती हळूच म्हणाली. "ओल्या हातानं धरलं की चावतंय. मागचा नळ पण चावतो."

"कधीपासून?"

"गुढीपाडव्यापासून. हात सगळा मुंग्या मुंग्या. मागल्या सोमवारी तर परसात पडलेच मी. पाय आखडला, काय झालं कळलंच न्हाई."

"उन्हानं चक्कर आली तिला," गुरुबसप्पा ओसरीतून म्हणाले. "साखर हाय. डॉक्टरनं सांगितलंय. तुम्ही कॉम्प्युटर बघा मॅडम, बाकीचं राहू द्या."

मी कॉम्प्युटर बघायला गेले. आजही मला त्याची लाज वाटते. बाईनं तोंडानं सांगितलं होतं की घर चावतंय, आणि मी तिला सोडून मशीनकडं गेले, कारण मला मशीनसाठी बोलावलं होतं.

मल्लिनाथच्या खोलीत मी मल्टीमीटर काढला, बोर्डाच्या प्लगमध्ये काड्या घातल्या. मशीन नुसतं सुरू असताना दोनशे चौदा. ठीक.

"लाव गेम."

त्यानं लावला. आकडा घसरला. दोनशे दोन. एकशे एक्क्याण्णव. एकशे त्र्याऐंशी. स्क्रीनवर धूर, गोळ्या, पळापळ. ओसरीतल्या कूलरची मोटर भरभरली आणि आकडा एकशे पासष्टवर आला. स्क्रीन काळी. मशीननं टुक केलं आणि पहिल्यापासून सुरू झालं.

"बघितलं? बघितलं ना ताई?" मल्लिनाथ टेबलावर मूठ आपटून म्हणाला.

रोगाचं नाव मिळालं होतं. घरात जोर पडला की व्होल्टेज ढासळतंय. आता ते का ढासळतंय? लाईट दोन तारांनी चालते. एकीनं येते, दुसरीनं परत जाते. येणारी फेज, परत जाणारी न्यूट्रल. तिसरी असते अर्थिंगची, ती फक्त संकटासाठी. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जावा म्हणून. मी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात काड्या घातल्या आणि त्याला पुन्हा गेम लावायला सांगितलं. जोर पडला की दोघींत एक-दोन व्होल्टचा तरी फरक येतो, प्रत्येक घरात येतो.

इथं शून्य. गेम सुरू, तरी शून्य.

दोन वेगळ्या तारा असत्या तर असं झालंच नसतं. म्हणजे ती एकच तार होती. कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एक करून टाकलं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मशीन पुन्हा पडलं. मल्लिनाथनं मान वळवली आणि घरात आईला ओरडला, "अव्वाऽ, पाणी!"

मला वाटलं तहान लागली असेल. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. पाणी घेऊन मात्र कोणी आलं नाही. मागचं दार वाजलं. मल्लिनाथ निवांत गेम पुन्हा सुरू करत होता. मी काड्या परत पहिल्या जागी लावल्या.

एकशे ऐंशी. एकशे चौऱ्याऐंशी. गेम पूर्ण जोरात चालू होता आणि आकडा चढत होता. एकशे ब्याण्णव. एकशे नव्व्याण्णव. घरात कोणी कूलर बंद केला नव्हता. कोणी काहीच बंद केलं नव्हतं.

"पाणी कुठं घालते ती?" मी विचारलं.

"बेलाला," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "पाणी घातलं की थोडा वेळ बरं चालतं. तुम्हाला म्हटलं न्हाई का मी?"

मी पळाले.

परसात बेलाचं झाड होतं. रोजच्या पूजेची पानं त्याची. बुंध्याभोवती मातीचं आळं, आळ्यात जमिनीतून वर आलेला लोखंडी पाईप, आणि पाईपच्या तोंडात नरसाळं. पाईपाला जाड तांब्याची तार नटबोल्टनं आवळलेली. महादेवी चिखलात अनवाणी उभी होती. स्टीलच्या कळशीची कड पाईपच्या तोंडावर टेकवून ती सावकाश पाणी ओतत होती. तिचा उजवा दंड थरथरत होता. तिला तो थरथरताना जाणवतही नसावा.

मी तिला हात लावला नाही. लावला असता तर दोघी गेलो असतो. मागच्या दाराशेजारीच मेन स्विचची पेटी होती. मी दांडा खाली ओढला.

घर गप्प झालं. आधी कूलर, मग पंखा, मग फ्रिज. शेवटी मल्लिनाथची किंकाळी, "ए ताई! मॅच व्हायची हाय माझी!"

"कळशी ठेव, मावशी," मी म्हणाले. "बाहेर ये तिथून."

ती बाहेर आली. चिखलानं भरलेली पावलं फरशीवर उमटली. मी पाईपपासून एका पावलावर मातीत एक खिळा ठोकला. मीटरची एक काडी खिळ्याला बांधली, दुसरी पाईपाला, सगळ्यांना लांब केलं आणि मेन फक्त दोन मिनिटं वर केला. मल्लिनाथला म्हटलं, मशीन चालव, कूलर चालव, आणि मी मीटर बघितला.

अठ्ठावीस व्होल्ट, तेही नुकतंच पाणी घातलेलं असताना; वाळलं की याच्या दुप्पट. पाईप आणि तिच्या पायांखालची माती यांच्यात. मधल्या जागेत रोज तिचं अंग असायचं.

मी मेन पुन्हा खाली केला आणि हात दांड्यावरच ठेवला.

"कोणी केलं हे?"

गुरुबसप्पा पान थुंकून आले. त्यांना शरम वाटलेली नव्हती, उलट ते खुलले.

"मी करवलं. मार्च महिन्यात पोलवरचा न्यूट्रल जळाला, सगळ्या गल्लीची लाईट मंद झाली. ऑफिसात जाऊन आलो, येतो येतो म्हणले, आले न्हाईत. मग मी मुखेडहून आमचा वायरमन बोलावला. शेतात तीस वर्षं असंच चालवलंय आम्ही. एक फेज घ्यायची, अन न्यूट्रल जमिनीतून काढायचा. लाईट मंद झाली की पोरं घागर घेऊन जायची, पाईपला पाणी घातलं की बल्ब असा लख्ख व्हायचा." त्यांनी पाची बोटं पसरून दाखवली. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हे ठाऊक न्हाई."

"बेलाखालीच काहून?"

"ओल राहते तिथं. ही रोज पाणी घालतीच झाडाला. वायरमन म्हणला, अप्पा, ह्याच्यापेक्षा बेस जागा न्हाई."

बेलाखाली कोणी चप्पल घालून जात नाही. त्या घरात तर नाहीच. वायरमननं अख्ख्या घरातली सगळ्यात ओली जागा शोधली, आणि तीच जागा निघाली जिथं बाई दिवसातून चारदा अनवाणी जाते, ओल्या हातानं.

"शेतात कधी कोणाला काही झालं नाही?"

"एक बैल गेला. म्हातारा होता तो."

"अप्पा, तुमच्या घरच्या सगळ्या लाईटची परतीची वाट हा पाईप आहे. उन्हानं माती वाळली की वाट अडते. मग व्होल्टेज पडतं, ह्याचं मशीन पडतं. आणि अडलेला करंट पाईपात, नळात, फ्रिजच्या पत्र्यात चढून बसतो. ह्यानं गेम लावला की आणखी चढतो. तो चढला की तुम्ही हिला पाणी घालायला पाठवता. जेव्हा सगळ्यात जास्त करंट असतो, बरोबर तेव्हाच."

"झटका तर बारीक लागतो," मल्लिनाथ म्हणाला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं लागतो ते."

त्यानं मोबाईल काढला.

"आत्ता ऑफिसला फोन लावा," मी म्हणाले. "लाईनमन येऊन पोलवरचा न्यूट्रल जोडू दे. तोवर मेन बंद."

"येडी का खुळी?" गुरुबसप्पांचा आवाज बदलला. 'मॅडम' जाऊन 'तू' आलं. "ते लोक आले अन हे बघितलं तर माझ्यावरच केस करतील. समाजात इज्जत हाय माझी. तू कॉम्प्युटरवाली, कॉम्प्युटर झालं असंल तर जाय."

"मी तक्रार करते मग."

"कर. बघू तुझं दुकान तरोड्यात कसं चालतंय ते."

"बघा."

मल्लिनाथ मोबाईल बघत होता. "अप्पा, साडेतीन झाले. अर्धा तास राहिला. ताई, फक्त आजचा दिवस. एक तास. मॅच झाली की कायमचं बंद करा, आईशप्पथ. अव्वा आधीच दोन कळशा घालून ठेवील, मंग मधी जायचं कामच न्हाई."

आईची शपथ घेऊन तो आईलाच पाठवत होता. त्याला ते ऐकूसुद्धा आलं नाही.

"हाव, तसं करा," गुरुबसप्पा म्हणाले. तोडगा निघाला म्हणून त्यांना बरं वाटलं. "जा गं, घाल दोन कळशा. मेन बंदच हाय आत्ता, काय होतंय?"

"दोन कळशा वीस मिनिटांत वाळतात ह्या उन्हात," मी म्हणाले. "मॅच तासाची. मधे हा पुन्हा ओरडणार."

महादेवी इतका वेळ भिंतीला टेकून आपला उजवा हात डाव्या हातानं चोळत होती. तिनं कळशी उचलली. नळाखाली धरून भरली. मला वाटलं चालली. तिनं ती नवऱ्यापुढं नेऊन धरली.

"तुम्ही घाला."

"मी?"

"हाव. मॅच सुरू झाल्यावर. मेन चालू असताना. हा पाणी म्हणून ओरडला की तुम्ही जावा. मी आज बसून राहते."

"काय नाटकं लावलीस लोकांपुढं?"

"बारीकच लागतोय म्हणतो की हा. घाला एक दिवस."

गुरुबसप्पांनी माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. कळशी घ्यावीच लागली. मग त्यांनी मागच्या दारात इकडं तिकडं नजर फिरवली आणि सवयीनं, काही विचार न करता म्हणाले, "मल्ल्या, माझी रबरी चप्पल आण रे आतून."

कोणी हललं नाही. त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं, पण उशिरा. कळशीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडलं.

महादेवी नवऱ्याच्या पायांकडं बघत राहिली, पहिल्यांदाच बघितल्यासारखी.

"ठाऊक होतं तुम्हाला," ती म्हणाली. "बेलाखाली चप्पल चालत न्हाई म्हणून तुम्हीच मला सांगितलं होतं. लग्न होऊन आले तवा."

"अगं, तसं न्हाई—"

"बैल म्हातारा नव्हता. चार दाती होता, ऐन तरणा. मी वैरण घालायचे त्याला."

ती वळली. अनवाणी चिखलातून चालत गेली आणि बेलाच्या आळ्यात खाली बसली, पातळासकट, ओल्या मातीत. बधिर झालेला उजवा हात तिनं उचलून पाईपावर ठेवला आणि बोटं घट्ट मिटली.

"मल्लिनाथ," तिनं हाक मारली. "कर सुरू मेन. खेळ तुझी मॅच."

"अव्वा, ऊठ ना. खामखा कशाला..."

"लाईनमन येऊन तार जोडीपर्यंत मी इथून उठत न्हाई. तुम्हाला लाईट पाहिजे, वर करा दांडा. मला विचारायचं काम न्हाई. आजपर्यंत तरी कुठं विचारलं?"

वर ऊन मी म्हणत होतं. घरात पंखा नाही, कूलर नाही. गुरुबसप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, ऑफिसचा नंबर शोधला, बोट त्याच्यावर धरून थांबले. मग मोबाईल परत खिशात घातला.

"बसू दे," ते पोराला म्हणाले. "उन्हानं आपोआप उठंल."

तीन वाजून पन्नास मिनिटं झाली. मल्लिनाथचा मोबाईल वाजला. हैद्राबादची पोरं. त्यानं उचलला, "आलोच, दो मिनट भाई," म्हणाला आणि ठेवला. मग तो माझ्यापाशी आला. इतका जवळ आला की त्याच्या घामाचा वास आला. तो माझ्या हाताखालच्या दांड्याकडं बघत होता. मागं आई बसली होती, तिकडं त्याची पाठ होती.

"ताई, बाजूला व्हा."

"होत नाही."

"माझं घर हाय."

"तिचं पण आहे."

त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. ओढलं नाही. नुसता ठेवला, जोर किती लागंल हे बघितल्यासारखा. मग मान मागं वळवून विचारलं, "अव्वा, अजून किती वेळ बसशील तू?"

त्या आवाजात आईची काळजी होती की मॅचला उरलेली मिनिटं, मला कळलं नाही. आईलाही कळलं नसावं. तिनं पाईपावरची बोटं सोडली नाहीत.

मी दुसऱ्या हातानं मोबाईल काढला आणि लाईटच्या ऑफिसचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. रविवार होता. कोणी उचलत नव्हतं. माझ्या मनगटावरचा हात हळूहळू घट्ट होत होता.